सातवा सांधा

"मोज," सर म्हणाले. "घाई करू नकोस. बुडख्याकडून टोकाकडे जा."

मी सूक्ष्मदर्शकावर वाकले. खाली काचपट्टीवर एका गांधीलमाशीची एक शृंगिका होती. गांधीलमाशी म्हटलं की लोकांना ती बारीक कमरेची, पिवळी, डंख मारणारी बया आठवते. आमची तशी नव्हे. आमची अर्धा मिलिमीटर लांब, एका तिळावर चार सहज बसतील एवढी. ती कुणाला डसत नाही. दुसऱ्या किड्याच्या अंड्यात ती आपलं अंडं घालते, आणि त्यातून किड्याऐवजी तिचं पिल्लू बाहेर पडतं. तिच्या डोक्यावरच्या दोन मिशा म्हणजे शृंगिका. शृंगिकेला सांधे असतात, आणि ते सांधे किती यावर आमच्या सरांची बावीस वर्षं टांगलेली होती.

"सहा की सात?" सरांनी विचारलं.

मी पुन्हा बुडख्यापासून मोजायला लागले. त्या दहा-पंधरा सेकंदांचा हिशेब मी आजवर देत आले आहे.

फेब्रुवारी १९८६. कोकणातल्या एका फळसंशोधन केंद्रातली कीटकशास्त्राची खोली. लवंगेच्या तेलाचा वास तिथल्या भिंतींत मुरलेला होता, कारण माश्या काचेवर बसवण्याआधी त्या तेलात भिजवाव्या लागत. मी भोरची, उज्ज्वला थोपटे, वय पंचवीस. डॉ. गजानन आजगावकरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. सर उंच, किडकिडीत, खादीचा शर्ट आणि खिशात कायम एक भिंग. एकतीस मार्चला ते निवृत्त होणार होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून पिकला नाही, थांबा. सर हसून सांगत, "आंबा आणि मोतीबिंदू पिकल्याशिवाय उतरवायचे नसतात." पण त्यांना सूक्ष्मदर्शकात नुसतं दूध दिसायचं. त्यामुळे ते बोलत आणि मी बघत असे.

भांडण काय होतं ते सांगते, फार अवघड नाही. या बारक्या माश्यांची दोन मोठी कुळं सगळ्यांना मान्य होती. पहिल्या कुळाचे पंख अरुंद, कडेला लांब केसांची झालर, आणि पावलाला सांधे चार. दुसऱ्याचे पंख रुंद आणि पावलाला सांधे पाच. १९६४ साली सरांना आंब्याच्या मोहोरावर अशी एक माशी मिळाली, की जिचे पंख पहिल्या कुळाचे आणि पाऊल दुसऱ्याचं. मग तिच्या आणखी दोन बहिणी मिळाल्या. यांना बसवायचं कुठे? सर म्हणत, हे तिसरंच कुळ आहे. बाकीचे विद्वान म्हणत, छे, पहिल्या कुळातली वाट चुकलेली फांदी असणार. परिषदांमध्ये सर उठून उभे राहिले की मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणायचं, "आले, ना घरका ना घाटका!" सरांना ते ऐकू यायचं.

पहिल्या कुळातल्या मादीच्या शृंगिकेला सहाच्या वर सांधे कधीच नसतात. सरांच्या माशीच्या मादीला सात निघाले, तर तिला त्या कुळात कोंबायची कुणाची छाती नव्हती. नर पुष्कळ मिळत, पण नरावरून कुळ ठरत नाही. "घर बाईचं असतं," सर म्हणत. माद्या मात्र दुर्मिळ, आणि ज्या मिळाल्या त्यांच्या शृंगिका तुटलेल्या.

त्या वर्षी बाबलीनं एक धडधाकट मादी धरली. बाबली मेस्त्री आमचा प्रयोगशाळेतला मदतनीस, पन्नाशीचा माणूस. मोहोराच्या काड्या काळ्या खोक्यात भरायच्या, खोक्याला एका बाजूला भोक पाडून त्यात काचेची नळी बसवायची, की बाहेर पडलेल्या माश्या उजेडाकडे धावत त्या नळीत येतात. बाबली रोज सकाळी नळ्या बघायचा. त्या सकाळी तो दारातूनच ओरडला, "बाय, सरांका सांग, आज नळयेत बाईलमाणूस गावला!"

सर चहा तसाच टाकून आले. दिसत काही नव्हतं, तरी नळी डोळ्यांशी धरून बराच वेळ उभे राहिले.

"कशी आहे गं?"

"मिशा शाबूत आहेत सर."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यांनी नळी माझ्या हातात दिली. "मग तूच बसव हिला. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

पुढचे तीन दिवस मी तिच्यावर काम केलं. एक शृंगिका सुईनं कापताना उडाली. कुठे गेली ते देवाला माहीत. मी आणि बाबलीनं टेबल, खुर्ची, फरशी भिंगानं धुंडाळली. एक राहिली. ती मी बाल्समच्या, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक डिंकाच्या, थेंबात ठेवली आणि वर पातळ काच टेकवायला घेतली. काच एका बाजूनं खाली यायला हवी, अलगद. माझी ती जरा आधीच सुटली. शृंगिका मधोमध मोडल्यासारखी वळली. मी काच किंचित सरकवली, शृंगिका परत सरळ झाली. तिसऱ्या सांध्यावर मात्र एक आडवी रेघ राहिली. ती माझ्या डोळ्यांदेखत पडली, माझ्या हातानं. खरा सांधा कुठला आणि घडी कुठली हे मला कुणी सांगायला नको होतं.

आणि आता सर विचारत होते, सहा की सात.

"तिसऱ्याच्या मध्ये एक रेघ दिसते," मी म्हणाले.

"रेघ? सांधा आहे की रेघ?" सर माझ्या खांद्याशी आले. "नीट बघ. तिथे आतल्या बाजूला कडं असेल. असतंच. बारीक कडं. दिसतंय का?"

नव्हतं.

मला तेव्हा सरांची दया आली, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. दया आलीही असेल. पण एप्रिलात पुण्याला माझी मुलाखत होती, आणि सरांच्या या निबंधावर दुसरं नाव माझं लागणार होतं. नवं कुळ शोधणाऱ्या दोघांपैकी एक! सहा म्हटलं तर निबंध पुढच्या मोहोरावर जाणार, आणि पुढच्या मोहोराला ना सर तिथे असणार होते ना मी. दया वगैरे मागाहून सुचलेली गोष्ट आहे.

"दिसतंय सर," मी म्हणाले. "सात आहेत."

सर स्टुलावर बसले. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकानं पुसला. पुसून काही उपयोग नव्हता, तरी पुसला.

"बाबली," त्यांनी हाक मारली, "ऐकलंस काय? सात!"

बाबली दारात आला. "बरा झाला," तो म्हणाला. "आता परिषदेत सगळ्यांका गप बसवा."

मग सरांनी लेबल लिहायला घेतलं. आमच्या शास्त्रात लेबल म्हणजे माशीचा जन्मदाखला. कुठे मिळाली, कशावर, केव्हा, कुणी धरली, कुणी काचेवर बसवली आणि कुणी मोजली. नखाएवढ्या कागदावर हे सगळं सर स्वतः लिहीत, भिंग धरून, मोतीबिंदू असतानासुद्धा. मला लिहू देत नसत, आणि त्याला कारण होतं. मी नवी असताना एका काचपट्टीवर चुकीचं नाव होतं, ते मी ब्लेडनं खरवडून काढलं आणि बरोबर नावाचं लेबल चिकटवलं. सर चिडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"काय केलंस हे?"

"चुकीचं होतं सर, म्हणून काढलं."

"चुकीचं लेबल काढायचं नसतं! त्याच्या शेजारी बरोबरचं लावायचं. कोण, केव्हा आणि काय चुकलं हेही पुढच्या माणसाला कळायला हवं. आपल्या माश्या मेलेल्या आहेत, त्या बोलणार नाहीत. बोलतं ते लेबल." मग आवाज उतरवून म्हणाले, "माझ्या पेटीत चाळीस काचा अशा असतील, ज्यांवर माझीच मूर्ख लेबलं आहेत. एकही काढलेलं नाही."

तर त्या दिवशी सरांनी लिहिलं. धरली: बाबली मेस्त्री. बसवली: उ. थोपटे. मोजली: उ. थोपटे. शृंगिकेचे सांधे सात. वाळायला पंख्याखाली ठेवलं आणि मला म्हणाले, "तुझं नाव दोनदा आलं बघ." त्यांना वाटलं मला आनंद होईल. झालाही, खोटं कशाला बोलू?

निबंध फेब्रुवारीअखेर गेला. सर एकतीस मार्चला नारळ घेऊन घरी गेले. घर केंद्राजवळच होतं, त्यामुळे रोज दहा वाजता परत येऊन खिडकीशेजारी बसत. एप्रिलात माझी मुलाखत झाली. निवड समितीतल्या एकानं नव्या कुळाबद्दल खोदून खोदून विचारलं आणि मी सातव्या सांध्यावर घडाघडा बोलले. जूनपासून मी पुण्यात नोकरीला लागले. ऑगस्टमध्ये निबंध छापून आला. सरांनी मला पोस्टकार्ड टाकलं, त्यात एकच ओळ होती: "मागची रांग गप्प आहे."

पण मागची रांग फार दिवस गप्प बसत नाही. कलकत्त्याचे डॉ. लाहिरी या विषयातले जाणते होते. त्यांनी ती काचपट्टी तपासायला मागितली. मागितली की पाठवायची, हा आमच्यातला रिवाज आहे. लपवली तर माणूस संपला. सरांनी ती लाकडी डबीत कापसात बसवून रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली. त्यांना भीती कशाची असणार होती?

नोव्हेंबरात मी उरलेले कागद न्यायला केंद्रात गेले, त्याच आठवड्यात डबी परत आली होती. सोबत पत्र होतं. सर खिडकीशी बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा होता. दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मला कुणी कळवलं नव्हतं.

"ये," ते म्हणाले. "तुझ्या कानांत रिंगा आहेत! दोन वर्षं समोर वावरलीस, मला कधी दिसल्या नाहीत."

मी हसले. मग टेबलावरचं पत्र बघितलं. लाहिरींनी अदबीनं लिहिलं होतं, पण लिहिलं तेच होतं. सातवा सांधा हा सांधा नाही. काच टेकवताना पडलेली घडी आहे. सांधे सहा.

काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावलेली होती. सरांनी नव्या डोळ्यानं ती पाहिली होती, हे मला विचारायची गरज नव्हती. शेजारच्या कागदावर त्यांनी शृंगिकेचं चित्र काढलं होतं, आणि तिसऱ्या सांध्यावरची रेघ तुटक दाखवली होती. घडी आम्ही तशीच दाखवतो.

"बस," सर म्हणाले.

मी बसले. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. त्या भिंगांमागे त्यांचा डोळा फार मोठा दिसत होता.

"तुला काही सांगायचंय का, उज्ज्वला?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर कदाचित मी बोलले असते. खाली बाबली कुणाशी तरी आंब्याच्या कलमांवरून हुज्जत घालत होता, ते ऐकू येत होतं. माझी नोकरी कच्ची होती, वर्षभर परीक्षेवर ठेवलेली.

"नाही सर," मी म्हणाले.

"बरं." त्यांनी मान हलवली. "मग मी लिहून टाकतो, मोजणी माझी होती म्हणून. मोतीबिंदू होता, चुकली. लोकांना पटेल."

"सर, पण..."

"तुझी गाडी किती वाजताची?"

"दीडची."

"मग नीघ. बाबलीकडे कोकमं ठेवली आहेत तुझ्यासाठी, ती घेऊन जा. आणि त्याला म्हणावं, बशीत कोमट पाणी आणून दे."

मी खाली जाऊन बाबलीला निरोप सांगितला. तो स्टोव्ह पेटवत म्हणाला, "सकाळपासना दुसऱ्यांदा मागतत. डोळ्यांक शेक देतत, वाटता." मलाही तेच वाटलं. मी कोकमं घेतली आणि दीडची गाडी पकडली.

सरांचं माघारीचं टिपण पुढच्या अंकात अर्ध्या पानावर आलं. शृंगिकेचे सांधे मोजण्यात प्रस्तुत लेखकाची चूक झाली, सहलेखिकेचा तिच्याशी संबंध नाही. एवढंच. मग मागच्या रांगेला ऊत आला. आंधळ्यानं कुळ शोधलं, हा विनोद मी स्वतः तीन परिषदांत ऐकला आणि तिन्ही वेळा चहाच्या कपात बघत उभी राहिले. वाईट हे, की सातव्या सांध्याबरोबर लोकांनी बाकी सगळंच टाकून दिलं. पंख आणि पावलं खरी होती. त्यांत कुणाची घडी नव्हती. मी सहा म्हटलं असतं तर वाद चालू राहिला असता, एवढंच ना! सर वाद घालायला तयार होते. माझ्या सातामुळे तो वाद मेला, आणि त्या माश्या पहिल्या कुळाच्या अडगळीत जाऊन पडल्या. सरांनी पुन्हा काही छापलं नाही. १९८९ साली ते गेले. मी तार केली, गेले नाही.

मी मात्र चढत गेले. पुण्याच्या कीटकसंग्रहाची प्रमुख झाले. निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन दिवस जाऊन बसते. कोकणातलं ते केंद्र दहा वर्षांपूर्वी दुसरीकडे हलवलं, तेव्हा सरांच्या पेट्या आमच्याकडे आल्या. त्या मी एका कपाटात ठेवल्या आणि किल्ली खणात टाकली. उघडल्या नाहीत.

गेल्या वर्षी बंगळुरूच्या एका मुलीचा फोन आला. मीनाक्षी तिचं नाव, आवाजात नुसता उत्साह.

"मॅडम, आम्ही या माश्यांची जनुकं तपासली. त्या पहिल्या कुळातल्या नाहीतच! दुसऱ्यातल्याही नाहीत. पूर्ण वेगळं कुळ आहे. १९८६ साली कुणी आजगावकर म्हणून होते, त्यांनी तसं म्हटलं होतं ना? मग मागे का घेतलं त्यांनी?"

"त्यांना दिसत नव्हतं," मी म्हणाले. सवयीनं तेच तोंडातून आलं.

"ती मूळ काचपट्टी बघायला मिळेल का?"

मागितली की द्यायची. किल्ली काढून मी पेटी उघडली. एकेक काच उचलत गेले. सर म्हणाले होते तशाच होत्या: कुठे दोन लेबलं, कुठे तीन, जुनं चुकीचं आणि शेजारी नवं. १९५८ सालचीसुद्धा चूक त्यांनी जपून ठेवली होती. मग ती डबी निघाली, ती कलकत्त्याला जाऊन आलेली.

मी सूक्ष्मदर्शक लावला. बाल्सम पिवळं पडलं होतं, पण शृंगिका तशीच होती आणि तिसऱ्या सांध्यावर ती आडवी रेघही तशीच. मी बुडख्याकडून टोकाकडे मोजलं. सहा.

मग काच बाहेर काढून लेबल वाचलं. एकच होतं, सरांच्या अक्षरात. पण अक्षर ठणठणीत होतं, ऑपरेशननंतरचं. धरली: बाबली मेस्त्री. बसवली: ग. आजगावकर. मोजली: ग. आजगावकर, सात, चूक, सांधे सहा. माझं नाव कुठेच नव्हतं. दुसऱ्या टोकाला काचेवर जुन्या डिंकाचा चौकोनी डाग होता, नखाएवढा. तिथलं लेबल पाण्यानं भिजवून सोडवलेलं होतं, अगदी अलगद, कोपरासुद्धा न फाटता.

बशी. कोमट पाणी.

त्या माणसानं आयुष्यात एकच लेबल काढलं, आणि ते माझं. त्या दिवशी मला विचारलं तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. घडी बसवतानाच पडते आणि बसवणाऱ्याला ती दिसते, हे त्यांनीच तर मला शिकवलं होतं. सकाळी मागवलेलं पाणी माझी वाट बघत गार झालं असेल. मी 'नाही' म्हणाले, आणि मी गाडीत बसायच्या आत त्यांनी माझं नाव पुसून टाकायला घेतलं असेल. सदतीस वर्षं मी समजत होते की मी सरांना शेवटपर्यंत फसवलं, त्यांना ती माझी नुसती चूक वाटली.

रडू आलं आणि मी ते येऊ दिलं, खोलीत कुणी नव्हतं.

मग कागदाचा नखाएवढा तुकडा कापला. आता मलाही भिंग लागतं, माझाही उजवा डोळा पिकायला आला आहे. लिहिलं: बसवली: उज्ज्वला थोपटे. घडी बसवताना पडली. मोजली: उज्ज्वला थोपटे. सांधे सहा आहेत हे मोजताना माहीत होतं, सांगितले सात. मागे डिंक लावला आणि तो त्या रिकाम्या चौकोनावर बसवला. सरांच्या लेबलाला हात लावला नाही, ते चुकीचं होतं तरी.

खाली तारीख घालायची राहिली होती. १९८६ची घालावी असं क्षणभर वाटलं. पण आजची घातली. इतकी वर्षं लागली, हेही पुढच्या माणसाला कळायला हवं.